गायकवाड मास्तरांचा माउथपीस

रूथने वडिलांचा माउथपीस डिशवॉशरमध्ये लावला आणि बटण दाबलं. मशीन थांबल्यावर तिने तो काढला, टॉवेलवर ठेवला आणि ती कामावर गेली. त्या दिवसापासून गायकवाड मास्तर तिच्याशी बोलले नाहीत.

माउथपीस म्हणजे सॅक्सोफोनचा तोंडात धरायचा भाग. मास्तरांचा एबोनाइटचा होता, म्हणजे कडक काळ्या रबराचा. तो त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळाला होता. त्याच्या चोचीवर दातांनी पडलेले दोन खड्डे होते आणि त्यांच्या जरा बाजूला आणखी दोन, उथळ. ते उस्तादांचे. मास्तर ते बोट फिरवून दाखवत. बघणाऱ्याने हात पुढे केला की माउथपीस खिशात जाई.

थॉमस गायकवाड पुण्याकडचे. पोलीस बँडमध्ये नोकरी झाली, हवालदार म्हणून निवृत्त झाले. बायको गेल्यावर एकुलत्या एका मुलीने, रूथने, त्यांना टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आणलं. रूथ इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिचं लग्न फार टिकलं नाही. घरात ती आणि मास्तर एवढेच. माझं घर त्यांच्या शेजारी. मधे लाकडी कुंपण आहे आणि त्यात एक छोटं दार. मी घरी बसून कंपन्यांची माहितीपुस्तकं दुरुस्त करण्याचं काम करते. त्यामुळे दिवसा गल्लीत गाडी आणि माणूस अशी दोन्ही असलेलं घर माझंच. या गावात गाडी नसलेला म्हातारा कैदीच असतो. मास्तर कैदेत होते आणि त्यांना ने-आण करायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मागितलं नव्हतं. त्यांनीही मला मागितलं नव्हतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी त्यांना काका म्हणाले होते. इथे आपण सगळ्याच वडीलधाऱ्यांना म्हणतो. ते म्हणाले, "काका कुणाला म्हणता? तुमच्या वडलांना मी ओळखत नाही. मास्तर म्हणा, नाहीतर काही म्हणू नका." मला ते शेवटपर्यंत 'पुस्तकवाल्या बाई' म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

गाडीत ते मागे बसत. पुढची सीट रिकामी आणि मागे मास्तर, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, पांढऱ्या मिशा कात्रीने सरळ केलेल्या. मी लेन बदलली की मागून चुकचुकल्याचा आवाज येई.

महिन्या-दोन महिन्यांनी डॅलसच्या बाजूला एका वाद्यांच्या दुकानात जायचं असे. पत्त्या घ्यायला. रीडला ते पत्ती म्हणत. ही बोरूसारख्या वेताची पातळ चीप असते, माउथपीसला पट्ट्याने बांधतात, आणि वाद्यातला आवाज खरं तर तीच करते. पत्त्या बंद डब्यात मिळतात. मास्तर डबा उघडत, एकेक पत्ती काढून दुकानाच्या दिव्यासमोर धरत. मधला भाग गडद हवा, तो टोकाकडे जाताना मेणबत्तीच्या ज्योतीसारखा निमुळता व्हायला हवा, आणि दोन्ही खांदे सारखे. एक खांदा जाड असला की सूर लंगडतो. हिरवट पत्ती म्हणजे वेत कच्चा. रेघा तिरप्या असल्या तर ती हातातसुद्धा धरायची नाही. मग ते नखाने तिचं टोक हलकेच वाकवून बघत, पाठ काउंटरच्या काचेवर ठेवून डुगडुगते का ते बघत.

एकदा दुकानातल्या दाढीवाल्या माणसाने मला अदबीने सांगितलं की डबा उघडला तर तो घ्यावा लागेल. मी ते मराठीत सांगितलं. मास्तर म्हणाले, "त्याला सांगा, आमच्याकडे कलिंगडसुद्धा कापून दाखवतात." मी सांगितलं. तो माणूस मनापासून हसला. मास्तरांना हसणं अपेक्षित नव्हतं. त्यांनी आठ पत्त्या नाकारल्या, दोन ठेवल्या, पैसे पूर्ण डब्याचे दिले आणि नाकारलेल्या आठ त्या माणसाच्या देखत मोडून कचऱ्यात टाकल्या. परतताना मी विचारलं, मोडायच्या कशाला, कुणी शिकाऊने वापरल्या असत्या. ते म्हणाले, "दहात दोन चांगल्या निघतात. माणसांतही तेवढंच. उरलेल्यांना वाजवून कशाला डोक्यावर बसवायचं?"

निवडलेल्या दोघींशी मात्र ते ज्या रीतीने वागत, त्या रीतीने त्यांना माणसांशी वागताना मी कधी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पत्ती पाण्यात भिजवायची, चार सूर काढायचे, पुसायची आणि काचेवर आडवी ठेवायची. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आठवडाभर तिला दमवायचं नाही. एकीला रोज राबवायचं नाही, पाळी लावायची. टेक्सासात एसीची कोरडी हवा, तिच्यात पत्तीचं टोक झालरीसारखं वळतं. म्हणून त्यांनी बायकोचा पितळी पानाचा डबा वापरात काढला होता. तळाशी ओलं मलमल, वर काचेची पट्टी, तिच्यावर पत्त्या. बायकोची पानं ज्या ओलाव्यात टिकायची त्याच ओलाव्यात पत्त्या टिकतात, असं ते म्हणत. बायकोबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

ते शिकवतही. इथल्या शाळांत बँडचं वेड फार, आणि आपल्या लोकांना स्पर्धेचं. एक नागपूरचे गृहस्थ मुलीला घेऊन येत. दोन महिने झाले तरी मास्तर तिला नुसता माउथपीस फुंकायला लावत, वाद्य हातात देत नव्हते. गृहस्थ मोठ्या कंपनीत मॅनेजर होते. ते एकदा क्लास संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, ऑडिशन नोव्हेंबरमध्ये आहे. काही फास्ट ट्रॅक नाही का?"

"आहे ना. तिला दुसऱ्या मास्तरकडे घाला."

गृहस्थांनी ते विनोदात घेतलं आणि बॅगेतून एक नवा माउथपीस काढला. धातूचा, चकचकीत. व्यावसायिक लोक वापरतात म्हणे. सोबत प्लास्टिकची रीड, जी ना भिजवावी लागते ना सुकते. मुलगी आधीच अवघडली होती. "डॅड, प्लीज स्टॉप," ती म्हणाली. मास्तरांनी माउथपीस हातात घेतला, फिरवून बघितला, परत दिला. "बूट महाग घेतले म्हणून पाय मोठा होत नाही. आणि प्लास्टिकच्या पत्तीवर वाजवणं म्हणजे कवळीने ऊस खाणं. तुम्हाला काय खायचंय ते ठरवा." गृहस्थ पुन्हा आले नाहीत. ती मुलगी वाजवत राहिली की नाही, कळलं नाही. मास्तरांनी विचारलं नाही.

गल्लीतल्या लोकांशीही तेच. सकाळी अंगणात बसून ते एकच खालचा सूर लांबवत. तक्रार आली. घरमालकांच्या मंडळाच्या अध्यक्ष एक उंच गोऱ्या बाई आहेत, त्या स्वतः येऊन नीट बोलून गेल्या. तेव्हापासून त्या कुत्र्याला घेऊन समोरून गेल्या की मास्तर उभे राहून त्यांना पोलीस परेडची सलामी वाजवत. पूर्ण. बाईंना काही दिवस तो मान वाटला. त्या हात हलवत. मग कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्या दुसऱ्या फुटपाथवरून जाऊ लागल्या.

हे सगळं सांगितलं कारण तो सूर चांगला होता हे सांगायचं आहे. तो ऐकताना मी काम थांबवत असे. मला तो माणूस आवडत नव्हता आणि सूर आवडत होता, आणि यातलं एक दुसऱ्याला कमी करत नव्हतं.

त्या फेब्रुवारीत मास्तरांना न्यूमोनिया झाला. रूथच्याच हॉस्पिटलात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की फुप्फुसं अशक्त आहेत, तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू जंतुरहित असली पाहिजे. रूथने दोन दिवस घर पुसलं, चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या, ग्लास, चमचे, कवळीचा डबा, सगळं डिशवॉशरमध्ये लावलं. सगळं म्हणजे सगळं.

दुपारी मी खिचडी घेऊन गेले तेव्हा माउथपीस मास्तरांच्या हातात होता. काळा राहिला नव्हता. शेवाळासारखा हिरवट-तपकिरी झाला होता, आणि खोलीत पेटवलेल्या काडीचा वास होता. एबोनाइटमध्ये गंधक असतं, ते कढत पाण्याने वर येतं. रंग गेला तर चालतं. पण त्या उष्णतेने त्याची पत्ती टेकायची सपाट बाजू वाकते, केसाएवढीच, आणि केसाएवढी पुरते. मास्तरांनी पत्ती तोंडात भिजवली, बांधली, माउथपीसचं मागचं भोक तळव्याने बंद केलं आणि हवा ओढली. सगळं जुळलेलं असलं तर पत्ती क्षणभर चिकटून राहते आणि मग सुटताना 'टप' आवाज येतो. आवाज आला नाही. त्यांनी पत्ती बदलली. आला नाही. मला म्हणाले, "बसा."

आम्ही रूथ येईपर्यंत बसलो. खिचडी निवली. ती आली, तिने माउथपीस पाहिला आणि तिचा हात तोंडावर गेला. "पप्पा, मी विसरले."

मास्तर उठले आणि आपल्या खोलीत गेले.

ती काय विसरली हे मला रूथने नंतर सांगितलं. लहानपणी तो माउथपीस धुणं हे तिचं काम होतं. गार पाणी, साबणाचा थेंब, मऊ फडकं. उन्हात ठेवायचा नाही, कढत पाणी दाखवायचं नाही. एकदा तिने तो खिडकीत वाळत ठेवला तेव्हा थप्पड खाल्ली होती. ती क्लॅरिनेट वाजवायची, आणि बँडमधले लोक म्हणत की बापापेक्षा पोरीचा कान चांगला आहे. मग नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि तिने क्लॅरिनेट पेटीत ठेवला. "आठ वर्षांची होते तेव्हा मला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मला फक्त जंतू दिसत होते."

त्यानंतर मी निरोप्या झाले. मास्तर कुंपणाच्या दाराशी येऊन सांगत, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, भाजीत मीठ जास्त आहे." मैत्रीण आत दहा पावलांवर असे. "तुमच्या मैत्रिणीला सांगा, डॉक्टरची तारीख बदला." सुरुवातीला रूथ माझ्याकडे बघून हसायची. मग तिने हसणं सोडलं. तिने नवा माउथपीस मागवला, एबोनाइटचाच, चांगला, आणि त्यांच्या दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या हातात आला. "ज्याचा असेल त्याला द्या." क्लास बंद झाले. सकाळचा सूर बंद झाला. अध्यक्षबाई आमच्या फुटपाथवर परत आल्या.

एप्रिलमध्ये एकदा ते दाराशी आले आणि म्हणाले, "तिला विचारा, मुद्दाम केलंस का?"

मी म्हणाले, असलं काही मी विचारणार नाही. ते तिथेच उभे राहिले. उन्हात, बटण लावलेल्या शर्टात, न्यूमोनियातून उठलेला माणूस. शेवटी मी गेले आणि विचारलं. रूथ कांदा चिरत होती. "नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "खरंच विसरले."

मी येऊन सांगितलं. मास्तरांनी मान हलवली. "मुद्दाम केलं असतं तर मी आज तिच्याबरोबर जेवलो असतो," ते म्हणाले. "भांडण समजतं मला. विसरली म्हणजे काय? म्हणजे तिच्यात ते उरलंच नाही."

मी म्हणाले, मास्तर, तिने तुमच्या जिवासाठी केलं ते.

"माझा जीव मागितला होता का मी?"

मग म्हणाले, "तिला सांगा. हा बोलला की मी बोलेन." आणि खिशावर हात ठेवला.

हे मी रूथला जसंच्या तसं सांगितलं. तिने चाकू खाली ठेवला. त्या दिवसापासून त्या घरात एकाच गोष्टीची वाट बघणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला हार्डवेअरच्या दुकानात न्यायला लावलं. जाड काचेचा तुकडा आणि बारीकातला बारीक पॉलिशपेपर. पोलीस बँडमध्ये दुरुस्तीला कुणाकडे पाठवत नसत, माउथपीस हातानेच घासून सरळ करत. काच टेबलावर, तिच्यावर ओला कागद, आणि माउथपीसची सपाट बाजू त्यावर एकदा ओढायची. एकदाच. मग पुसायचा, काचेवर टेकवून खालून प्रकाश कुठे दिसतो ते बघायचं, फटीत पातळ कागदाची पट्टी सरकवून ती कुठे अडते ते बघायचं. घासून गेलेलं परत लावता येत नाही. टोकाची फट जरा मोठी झाली की वाजवणाऱ्याचा दम जातो, लहान झाली की पत्ती चिकटून बसते. ते अंगणातल्या टेबलाशी सगळा उन्हाळा बसले. टेक्सासचा उन्हाळा, पंखा लावलेला, आणि मास्तर कागदावर एक ओढ देऊन अर्धा तास बघत. मी औषधं घेऊन गेले तर वर बघत नसत. रूथने पाण्याचा जग ठेवला तर तो दिवसभर तसाच राही. संध्याकाळी ते नळावर जाऊन पीत.

रूथ स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघे. ती मला दरवेळी एकच विचारायची, "किती राहिलंय?" मी म्हणायचे, ते सांगत नाहीत.

ऑक्टोबरात उकाडा उतरला. दुपारी मी दारातून आत गेले तेव्हा ते पत्ती बांधत होते. रूथची गाडी दिसली, पण तिची आधीच्या रात्रीची पाळी होती, झोपली असेल असं वाटलं. मास्तरांनी तळव्याने भोक बंद केलं, हवा ओढली, माउथपीस तोंडातून काढला.

टप.

ते हलले नाहीत. पुन्हा ओढली. टप. स्वच्छ, जसं कुणी चिमटीने पाण्याचा थेंब तोडावा.

"मास्तर, बोलला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना मी इतकं घाबरलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलातही नाही. मग ते म्हणाले, "तुमचे कान पुस्तकवाले आहेत. गळतोय." पट्टा सोडला, पत्ती काढली, माउथपीस कागदावर ठेवला आणि घासला. एकदा नाही. पुढे-मागे, पुढे-मागे, जोर लावून, भांडं घासतात तसा. नंतर पत्ती बांधून हवा ओढली. काही नाही.

"बघा," ते म्हणाले. "म्हटलं ना."

मी त्यांची औषधं टेबलावर ठेवून निघून आले. कुंपणाचं दार मी आपटलं, ते मला आठवतं.

संध्याकाळी मी रूथकडे गेले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. ती ओट्याशी पाठ करून उभी होती.

"मी जागी होते," ती म्हणाली. "खिडकीत होते."

"ऐकलंस?"

"दोन्ही वेळा. मी चहा टाकला होता, दोघांचा. मग घासण्याचा आवाज आला."

चहाचं पातेलं सिंकमध्ये होतं.

तिने त्यानंतर त्यांना नवं काही विचारलं नाही, माझ्यामार्फतही नाही. जेवण वेळेवर, मीठ कमी, भात मऊ. कपड्यांना इस्त्री. ती जे करत होती त्याला मी सेवा म्हणणार नाही. ती पाळी भरत होती, हॉस्पिटलात भरते तशी. मास्तरांना तो फरक कळला असावा, कारण त्यांच्या निरोपांची संख्या वाढली. अगदी फुटकळ निरोप. पाऊस येईल म्हणावं. घड्याळ मागे आहे म्हणावं. मी पोचवत असे. उत्तर येत नसे. मास्तर दाराशी जरा थांबून, मग परत जात. मला त्यांची कीव आली नाही, आणि याचं मला वाईट वाटलं, पण आली नाही.

डिसेंबरच्या शेवटी छाती पुन्हा भरली. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. रूथ पलंगाच्या एका बाजूला, नर्सच्या निळ्या कपड्यांत, कारण पाळी संपवून तशीच आली होती. मी दुसऱ्या बाजूला. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं. मास्तरांनी बोट उचललं. खिडकी रूथच्या हाताशी होती. त्यांनी बोट माझ्याकडे केलं, मग पडद्याकडे, मग रूथकडे. मी समजले. मी रूथला म्हणाले, "पडदा ओढायला सांगताहेत."

रूथने पडदा ओढला. मास्तरांनी डोळे मिटले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

इथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक छोटी मंडळी आहे. दफनानंतर तिथल्या बायका रूथभोवती जमल्या. एक मावशी तिचा हात धरून म्हणाल्या, बापाचं मन असतं गं, आतून त्यांनी कधीच क्षमा केली असेल. रूथ शांतपणे म्हणाली, "नाही, मावशी. नव्हती केली." मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालणं सोपं असतं. मास्तरांनी ते खपवून घेतलं नसतं.

रूथने सॅक्सोफोन मंडळीला दिला. त्यांच्या खोलीत आता तिचं शिवणाचं मशीन आहे. सुट्टीच्या सकाळी ती कुंपणाच्या दारातून येते, आम्ही चहा घेतो, तिच्या पाळ्यांबद्दल आणि माझ्या कामाबद्दल बोलतो. मास्तरांचा विषय दोघी काढत नाही. तिने त्यांना क्षमा केलेली नाही. मीही केलेली नाही.